पोट उडतंय, एमआरआय मात्र कमरेचा

प्रश्न : स.न.वि.वि. माझे मिस्टर ५४ वर्षांचे आहेत. त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. गेले सात आठवडे त्यांच्या पोटाची डावी बाजू, बेंबीच्या आसपास, सारखी उडते. मिनिटाला पन्नास-साठ वेळा. दुखत नाही. रात्री ते गाढ झोपेत घोरत असले तरी पोट उडतच असतं, मी हात ठेवून पाहिलं आहे. पाच महिन्यांपूर्वी त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन कमरेत भुलीचं इंजेक्शन देऊन झालं. त्याचाच हा परिणाम, असं सासूबाई म्हणतात. एका डॉक्टरांनी बी-१२ची इंजेक्शनं दिली, दुसऱ्यांनी टेन्शनची गोळी. कमरेचा एमआरआय केला, त्यात एल ४-एल ५ची गादी थोडी सरकली आहे असं लिहून आलं. ऑपरेशन करावं लागेल का? की हे खरंच मनाचं आहे? दुकान चालू ठेवलं तर चालेल का? अजून एक, हल्ली चालताना त्यांच्या डाव्या पायातली चप्पल निसटते आणि त्यांना ते कळतही नाही.
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, पत्राच्या शेवटी ‘अजून एक’ म्हणून तुम्ही जे लिहिलं आहे, तिथूनच सुरुवात करू. चप्पल निसटण्याचे दोन प्रकार असतात. निसटतेय हे कळतं पण बोटांनी धरून ठेवता येत नाही, तेव्हा बहुधा पावलाची ताकद कमी झालेली असते. निसटली तरी पत्ताच लागत नाही, तेव्हा पावलाची जाणीव मेंदूपर्यंत पोचत नसते. तुमच्या मिस्टरांचा प्रकार दुसरा आहे. मधुमेहात असं होतं, पण ते दोन्ही पायांना आणि हळूहळू, वर्षानुवर्षांत. एकाच पायाला, तेही त्याच बाजूचं पोट उडत असताना होणं ही निराळी गोष्ट आहे. पायाची जाणीव वर नेणारे तंतू मज्जारज्जूच्या मागच्या भागातून, त्याच बाजूने चढतात. डावं पोट आणि डावा पाय, या दोन्ही तक्रारींचं उत्तर एकाच जागी सापडू शकतं: मज्जारज्जूचा छातीच्या मागचा भाग, डावीकडे. पत्रावरून निदान होत नाही, पण शोधायचं कुठे हे ठरतं. आणि तुमच्या हातात असलेल्या एमआरआयमध्ये नेमकी तीच जागा आलेली नाही.

हे असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढच्या डॉक्टरांशी बोलताना अडायला होणार नाही. मज्जारज्जू मणक्यांच्या पोकळीतून खाली उतरतो, पण पार माकडहाडापर्यंत जात नाही. मोठ्या माणसात तो एल १-एल २पाशी, म्हणजे कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो. त्याखाली पोकळीत फक्त नसांची जुडी असते. त्यामुळे एल ४-एल ५ची गादी कितीही सरकली तरी ती मज्जारज्जूला दाबू शकत नाही, कारण तिथे तो नसतोच. ती गादी पायात कळ आणेल, अंगठ्यापाशी बधिरपणा आणेल, पोटाचा स्नायू उडवणार नाही. पन्नाशीनंतर थोडी सरकलेली गादी तर काहीही तक्रार नसलेल्या पुष्कळ माणसांच्या एमआरआयमध्ये दिसते. तेव्हा पोट उडतं म्हणून त्या गादीचं ऑपरेशन करू नका.

बेंबीच्या पातळीचा पट्टा सांभाळतो तो मज्जारज्जूचा डी १०, म्हणजे छातीच्या पट्ट्यातला दहावा भाग. (काही रिपोर्टांत ‘डी’ऐवजी ‘टी’ लिहितात, अर्थ तोच.) इथे एक फसवी गोष्ट आहे. मज्जारज्जू पाठीच्या कण्यापेक्षा आखूड असल्यामुळे त्याचा डी १० हा भाग छातीच्या दहाव्या मणक्याशी नसतो, तो वर, साधारण सातव्या-आठव्या मणक्याच्या पातळीला असतो. कमरेच्या एमआरआयचं चित्र बहुतेक वेळा अकराव्या-बाराव्या मणक्यापासून खाली सुरू होतं. म्हणजे शोधायची जागा चित्राच्या वरच्या कडेपेक्षाही तीन-चार मणके वर राहिली. रिपोर्ट चुकीचा नाही, तपासणीच दुसऱ्या जागेची झाली आहे.

आता ‘मनाचं आहे का’ याबद्दल. गाढ झोपेत, घोरत असतानाही पोट त्याच लयीत उडतं, हे तुम्ही हात ठेवून पाहिलंत. तुमचं हे निरीक्षण फार मोलाचं आहे. ताणातून किंवा मेंदूच्या कामकाजातल्या बिघाडातून येणारे झटके झोप लागली की थांबतात. मेंदूतून निघणारे बहुतेक कंपही झोपेत शमतात. झोपेतही न थांबणाऱ्या हालचाली मोजक्याच, आणि त्यांत मज्जारज्जूच्या एखाद्या भागातून निघणारा मायोक्लोनस हा एक ठळक प्रकार. मायोक्लोनस म्हणजे स्नायूला आपोआप बसणारा, क्षणभराचा हिसका. तो मेंदूच्या पृष्ठभागातून, मेंदूच्या देठातून किंवा मज्जारज्जूतून येऊ शकतो. मज्जारज्जूतून येणाऱ्याचे दोन प्रकार मानतात. पहिला सेगमेंटल: एक-दोन शेजारच्या भागांपुरता, बऱ्याचदा एकाच बाजूला, ठेका धरल्यासारखा, सेकंदाला एक-दोन वेळा. तो लक्ष दुसरीकडे वळवलं, हिशेब करायला लावले, झोप लागली तरी सहसा ठेका सोडत नाही. तुमचं वर्णन या प्रकाराशी जुळतं.

हे होतं कसं? मज्जारज्जूच्या आतल्या करड्या भागात स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी असतात आणि त्यांना वेसण घालणाऱ्या छोट्या पेशीही असतात. ही वेसण ग्लायसिन आणि गाबा या दोन रसायनांनी घातली जाते. दाबामुळे, सुजेमुळे, रक्तपुरवठा कमी पडल्यामुळे किंवा गाठीमुळे वेसण घालणाऱ्या पेशी निकामी झाल्या, की हुकूम देणाऱ्या पेशी स्वतःच्या लयीत सुटतात. ही वेसण सुटली की काय होतं ते धनुर्वातात दिसतं. धनुर्वाताचं विष ग्लायसिन आणि गाबा बाहेर पडूच देत नाही. कुचल्यातलं स्ट्रिक्निन ग्लायसिनचा परिणाम अडवतं. त्यात सगळं शरीर आखडतं, इथे तेच एका पट्ट्यापुरतं घडतं. कुचल्याचं नाव काढलंच आहे तर विचारून ठेवा: कंबरदुखीसाठी, वातासाठी मिस्टर कुचला असू शकेल अशा काही गुट्या किंवा चूर्ण घेतात का? घेत असतील तर डबी डॉक्टरांना दाखवा. एका बाजूच्या बेंबीजवळच्या झटक्यांचं ते कारण असण्याची शक्यता कमीच, पण माहिती दडून राहू नये.

दवाखान्यात जाण्याआधी घरी दोन गोष्टी करा. पहिली, एका हाताने मनगटाची नाडी धरा आणि दुसरा हात उडणाऱ्या जागी ठेवा. पूर्ण एक मिनिट दोन्ही मोजा, तीन वेगवेगळ्या वेळी. दोघांचा ठेका तंतोतंत जुळला तर ते स्नायूचं उडणं नसून पोटातल्या मोठ्या धमनीचे ठोके असू शकतात. अशा वेळी आधी पोटाची सोनोग्राफी करून ती धमनी फुगलेली नाही ना, हे पाहावं लागतं. (पेसमेकर बसवलेल्या माणसात त्याच्या तारेचा विद्युत इशारा पोटाच्या किंवा श्वासपटलाच्या स्नायूपर्यंत गेला तरी असं उडतं.) ठेका जुळला नाही, जिना चढल्यावर नाडी वाढली पण पोटाचा ठेका तसाच राहिला, तर प्रश्न स्नायूचा.

दुसरी गोष्ट, मोबाईलवर व्हिडिओ. मिस्टरांना उताणं झोपवा, छातीच्या खालच्या कडेपासून जांघेपर्यंत कपडा बाजूला करा, खिडकीचा उजेड बाजूने पडेल असं पाहा. समोरून येणाऱ्या उजेडात त्वचेची हालचाल सपाट दिसते. मोबाईल हातात धरू नका, उशांवर किंवा डब्यावर टेकवा, नाहीतर हात हलतोय की पोट हे कळत नाही. दोन मिनिटं शांत पडलेले, एक मिनिट शंभरातून सात-सात वजा करत मोठ्याने मोजताना, एक मिनिट उजव्या हाताने मांडीवर तुम्ही सांगाल त्या ठेक्यात टिचक्या मारताना, आणि दोन मिनिटं झोपेत, चेहरा आणि पोट दोन्ही दिसतील असे. टिचक्यांचा ठेका बदलला की पोटाचाही बदलतो का, हे तज्ज्ञ आवर्जून पाहतात. मज्जारज्जूचा झटका टिचक्यांच्या मागे जात नाही.

सासूबाईंच्या शंकेचं उत्तर द्यायलाच हवं, कारण अशी शंका घरोघरी असते. कमरेतून दिलेल्या भुलीनंतर मज्जारज्जूतून झटके आल्याची वर्णनं वैद्यकात खरोखर आहेत. पण ते झटके भूल उतरताना, काही तासांत सुरू होतात, बहुधा पायांत येतात आणि बहुतेकांत तासाभरात ते एक-दोन दिवसांत शमतात. ऑपरेशननंतर तीन महिने काही नाही आणि मग बेंबीजवळ ठेका सुरू झाला, ही वेळही जुळत नाही आणि जागाही. ते इंजेक्शन एल ३-एल ४च्या आसपास, मज्जारज्जू संपल्यानंतरच्या जागेत देतात. मात्र सुई टोचल्यावर ताप आणि पाठदुखी सुरू झाली असती, तर गळवाची शंका घ्यावी लागली असती. तसं तुम्ही काही लिहिलेलं नाही.

मग कारण काय असू शकतं? या वयात आणि या जागी मनात ज्या क्रमाने येतं त्या क्रमाने सांगतो. पहिलं, बाहेरून दाब. छातीच्या मागच्या मणक्यांत आतला पिवळा स्नायुबंध जाड होऊन त्यात हाड धरतं, गादी चुन्यासारखी कडक होऊन मागे सरकते, किंवा आवरणावर सावकाश वाढणारी गाठ असते, ती पुष्कळदा कर्करोगाची नसते. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग कधीच विसरायचा नाही. त्यात पाठीत एकाच जागी दुखतं, रात्री जास्त, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणं. ही लक्षणं नसली म्हणून क्षयरोग बाद होत नाही. दुसरं, मज्जारज्जूच्या आतली गाठ किंवा पाण्याची पोकळी, जिला सिरिंक्स म्हणतात.

तिसरं कारण थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ते फार वेळा निसटतं आणि वेळेत सापडलं तर थोपवता येतं. मज्जारज्जूच्या आवरणात एखादी धमनी थेट शिरेला जोडली जाते. त्याला ड्युरल फिस्टुला म्हणतात. शिरेतला दाब वाढतो, मज्जारज्जूतलं रक्त नीट बाहेर पडत नाही आणि तो सुजत जातो. हे पन्नाशीपुढच्या पुरुषांत जास्त. पाय चालल्यावर जड होतात, बसल्यावर बरं वाटतं, मग लघवीची तक्रार येते, आणि महिनोन्‌महिने कमरेच्या गादीवर बोट दाखवलं जातं. एमआरआयमध्ये मज्जारज्जूच्या मागे अळ्यांसारखे काळे ठिपके आणि आत लांबलचक पांढरी सूज दिसते. स्टिरॉइड दिल्यावर अशा काही रुग्णांचे पाय अचानक जास्त कमजोर होतात. म्हणून आमचं स्पष्ट मत: चित्र काढण्याआधी, ‘सूज उतरेल’ म्हणून कोणी स्टिरॉइडचं इंजेक्शन किंवा गोळ्या देऊ केल्या, तर आधी तपासणी करून घेऊ असं नम्रपणे सांगा. स्टिरॉइडने काही गाठी आणि क्षयरोगही तात्पुरते झाकले जातात, मग नंतरची तपासणी दिशाभूल करते.

चौथं, मज्जारज्जूची दाहक सूज, म्हणजे मायलायटिस. तो मल्टिपल स्क्लेरोसिस, न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, एचआयव्ही, सिफिलिस यांसारख्या आजारांतून येतो आणि नागिणीनंतरही येतो. गेल्या वर्षभरात डाव्या कुशीवर, बेंबीच्या पट्ट्यात पुरळ आणि आग झाली होती का, हे आठवून पाहा. नागीण ज्या नसेच्या पट्ट्यात उठते, तिच्याच मुळाशी विषाणू मज्जारज्जूत शिरू शकतो. पुरळ जाऊन महिने झाले तरी ती गोष्ट डॉक्टरांना सांगण्यासारखी असते.

बी-१२ची कमतरता मज्जारज्जूचा मागचा भाग बिघडवते, चप्पल निसटणं त्यात अगदी ठरलेलं. पण ती दोन्ही पायांना सारखी पकडते आणि एका बाजूच्या पोटाचा ठेका तिने सहसा येत नाही. इंजेक्शनं घेऊन झाल्यावर रक्तातली पातळी तपासण्यात अर्थ उरत नाही, ती वर आलेलीच दिसणार. इंजेक्शनाआधीचा रिपोर्ट असेल तर तो शोधून ठेवा. नसेल तर मिथाइलमॅलोनिक ॲसिड आणि होमोसिस्टीन तपासतात, पण तेही इंजेक्शनांनंतर काही दिवसांत उतरायला लागतात. हिमोग्लोबिनच्या तपासणीतला तांबड्या पेशींचा आकार, म्हणजे एमसीव्ही, जुन्या रिपोर्टात १००च्या वर असेल तर तो एक पुरावा ठरतो.

आता कुणाकडे आणि काय. तुम्हाला मेंदूविकारतज्ज्ञ, म्हणजे न्यूरोलॉजिस्ट गाठायचे आहेत, आणि येत्या आठवडाभरात. जिल्ह्याच्या ठिकाणी मिळाले नाहीत तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातला न्यूरोलॉजी विभाग पाहा. तिथे आधी हातोडी आणि टाचणीची तपासणी होईल. पोटाच्या चारही भागांवर बोथट काडी ओढून त्वचेखालचा स्नायू आकसतो का पाहतील. डोकं उचलायला सांगून बेंबी कुठे सरकते ते पाहतील. डी १०च्या आसपास दोन्ही बाजूंना इजा असेल तर खालचा अर्धा भाग ढिला पडतो आणि बेंबी वर खेचली जाते. टाचणी पायाकडून वर फिरवत आणली, की एका पातळीला टोचणं बदलतं. ती पातळी मणक्याच्या चित्राची दिशा ठरवते. तळव्यावर ओरखडा काढल्यावर अंगठा वर उचलला गेला, तर दोष मज्जारज्जूत किंवा मेंदूत आहे हे पक्कं होतं. कमरेच्या गादीने अंगठा वर जात नाही. ही तपासणी वीस मिनिटं घेते. ती न करता थेट चिठ्ठी लिहून दिली, तर ‘तळव्याची तपासणी राहिली का’ असं विचारायला संकोच करू नका.

मग एमआरआय. चिठ्ठीवर ‘छातीच्या मणक्यांचा एमआरआय कॉन्ट्रास्टसह, आणि पूर्ण मणक्याचं स्क्रीनिंग’ असं असावं, शिवाय ‘डाव्या बेंबीच्या पातळीला सेगमेंटल मायोक्लोनस, डाव्या पायाची जाणीव कमी, डी ७ ते डी १० नीट पाहावं’ असा मजकूरही. रेडिओलॉजिस्टला काय शोधायचं हे माहीत असेल तर नजर तिथे जाते. नुसत्या स्क्रीनिंगवर समाधान मानू नका. त्यात मज्जारज्जूचे फक्त उभे, जाड काप घेतात. एका बाजूचा लहान डाग, बारीक फिस्टुला त्यात सुटतो. शंका असलेल्या पातळीचे आडवे काप हवेतच. कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून द्यायचं औषध, देण्याआधी मूत्रपिंडाचं काम कळावं म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात, तो रिपोर्ट बरोबर न्या. शरीरात पेसमेकर, जुनी क्लिप असेल तर आधीच सांगा. रिवाइंडिंगच्या कामात तांब्या-लोखंडाचे बारीक कण उडतात. डोळ्यात कधी लोखंडी कण गेला असेल तर तेही आवर्जून सांगा, कारण चुंबकात तो हलू शकतो.

इथे एक अडचण येऊ शकते. दर सेकंदाला पोट उडतं, त्यामुळे छातीच्या मागची चित्रं पुसट येतात. तंत्रज्ञाला हे आधीच सांगा, मग ते पोटापुढे येणारी हालचाल चित्रातून वगळणारी पट्टी लावतात किंवा कमी वेळाचे काप घेतात. पुसट चित्रावर ‘नॉर्मल’ असा शेरा आला तर तो पक्का मानू नका. सीडी जरूर मागून घ्या. फिस्टुलासारखी गोष्ट रिपोर्टातून नाही, चित्र परत पाहूनच सापडते. फिस्टुलाची शंका बळावली तर मणक्याची अँजिओग्राफी, म्हणजे जांघेतून नळी घालून एकेका रक्तवाहिनीचं चित्र, हाच पुढचा टप्पा.

चित्रात सूज दिसली पण दाब दिसला नाही, तर पाठीतलं पाणी काढून पेशी, प्रथिनं, साखर, ऑलिगोक्लोनल पट्टे आणि क्षयरोगाची तपासणी करतात. रक्तातून ॲक्वापोरिन-४ आणि मॉग ही प्रतिपिंडं, एचआयव्ही, व्हीडीआरएल (सिफिलिसची तपासणी), थायरॉइड, कॅल्शियम, मॅग्नेशियम पाहतात. यादी लांब वाटेल, पण ही सगळी एकदम करायची नसते. चित्रात काय दिसतं त्यावर ती ठरते.

विजेच्या तपासणीबद्दल दोन शब्द, कारण यात पैसे वाया जातात. नेहमीची ‘एनसीव्ही’ हातापायांच्या नसांची असते, ती इथे फारसं काही सांगणार नाही. हवी असेल तर त्वचेच्या पृष्ठभागावरून घेतलेली बहुस्नायू ईएमजी, म्हणजे अनेक स्नायूंतल्या विजेची नोंद, जिला पॉलिमायोग्राफी म्हणतात. पोटाच्या सरळ आणि तिरक्या स्नायूंवर दोन्ही बाजूंना, बरगड्यांमध्ये आणि पाठीवर चकत्या चिकटवून सगळ्यांची नोंद एकाच वेळी घेतात. मेंदूतून आलेला झटका फार आखूड असतो, बहुतेक ५० मिलिसेकंदांच्या आत. मज्जारज्जूतला त्यापेक्षा लांब, १०० मिलिसेकंदांपुढेही जातो. एकाच पट्ट्यातले स्नायू एकदम उडतात आणि शेजारचे शांत राहतात, हे कागदावर उमटतं. ही नोंद होईपर्यंत टेन्शनची गोळी, म्हणजे क्लोनाझेपामसारखं औषध, दिलं असेल तर डॉक्टरांना सांगा, कारण त्याने झटके दबतात. मात्र ते स्वतःहून एकाएकी बंद करू नका. काही आठवडे घेतल्यावर अचानक सोडलं तर घबराट, निद्रानाश, फिटही येऊ शकते.

ज्या वाचकांना रात्री पडल्या पडल्या छाती-पोटापासून दुमडल्यासारखे झटके येतात त्यांच्यासाठी मज्जारज्जूतून येणाऱ्या मायोक्लोनसचा दुसरा प्रकारही सांगून टाकतो. १९९१ साली ब्राऊन, मार्सडेन या मेंदूविकारतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रोप्रिओस्पायनल मायोक्लोनस या नावाने तो वर्णन केला. झटका छातीच्या मधोमध सुरू होऊन मज्जारज्जूतल्याच सावकाश वाटांनी, सेकंदाला साधारण ५ ते १५ मीटरच्या वेगाने वर मानेकडे आणि खाली मांड्यांकडे पसरतो. चेहरा मोकळा राहतो. आडवं झाल्यावर आणि झोपेच्या उंबरठ्यावर तो वाढतो. या प्रकारात मात्र पुढच्या अभ्यासांनी चित्र बदललं: २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात १७९ रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त कार्यात्मक, म्हणजे मज्जारज्जूला इजा नसलेले निघाले. ते ओळखायला झटक्याच्या एक-दोन सेकंद आधी मेंदूत उमटणारा तयारीचा विद्युत संकेत शोधतात. त्यासाठी किमान चाळीसेक झटके आणि दोन झटक्यांमध्ये काही सेकंदांची फट लागते. तुमच्या मिस्टरांचे झटके सेकंदाला एक असल्याने ही तपासणी त्यांच्यावर होणारच नाही, त्यामुळे कोणी सुचवली तरी तिच्यावर खर्च करू नका. आणि कार्यात्मक म्हणजे सोंग नव्हे. तोही खरा आजार आहे, त्याचं निदान खुणांवरून करायचं असतं, ‘रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून’ नाही.

उपचार कारणावर अवलंबून. दाब असेल तर तो काढणं, फिस्टुला असेल तर तो बंद करणं, क्षयरोग असेल तर पूर्ण मुदतीची औषधं. ठेका फार सतावत असेल तर क्लोनाझेपाम रात्री ०.२५ ते ०.५ मिलिग्रॅमपासून सुरू करून हळूहळू वाढवतात, किंवा लेव्हेटिरासिटाम देतात, तेही मूत्रपिंडाचं काम पाहून. पण गोळीने पोट शांत झालं म्हणून चित्र काढायचं पुढे ढकलू नका. चप्पल निसटतच राहील.

आठवडाभर थांबायचं नाही अशा खुणाही सांगतो. लघवी सात-आठ तास होत नाही आणि ओटीपोट ताठ झालंय, शौचाची जाणीव गेली, मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा बैठकीला बधिरपणा आला, एका दिवसात पाय जड झाला किंवा दुसरा पायही धरला, छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटू लागलं, पाठदुखीबरोबर ताप आला: यातलं एकही झालं तर त्याच रात्री मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा आणि ‘मज्जारज्जूवर दाब असू शकतो’ हे शब्द वापरा. इथे तासांचा हिशेब असतो.

दुकानाचं म्हणाल तर निदान होईपर्यंत बसून करायचं काम चालेल. शिडीवर, खांबावर चढायला पाठवू नका, दुचाकी चालवू देऊ नका, डाव्या पायाला गिअर कळणार नाही. अनवाणी फिरू नये, घरातही मागे पट्टा असलेली चप्पल वापरावी. डाव्या पायाला शेकण्याची पिशवी लावू नका आणि आंघोळीचं पाणी आधी तुमच्या हाताने पाहा. बधिर पाय भाजला तरी ओरडत नाही. मणक्याला झटका देऊन ‘नस मोकळी’ करणाऱ्याकडे, मालिशवाल्याकडे एमआरआय होईपर्यंत मुळीच नेऊ नका. आणि जाताना कमरेचा जुना एमआरआय, ऑपरेशनचा डिस्चार्ज कागद, घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि तुमचे ते व्हिडिओ एकाच पिशवीत घेऊन जा. झोपेतला व्हिडिओ डॉक्टरांना सगळ्यात आधी दाखवा.